दहापैकी दहा मृत

मी एक जुना गांडूळ आहे. जुना म्हणजे चार पावसाळे बघितलेला, आणि आमच्यात एवढं वय म्हणजे फार झालं. मित्रांनो, तुमच्या पुस्तकात माझं चित्र आहे आणि त्याखाली ‘शेतकऱ्याचा मित्र’ असं छापलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. ते वाक्य ऐकलं की माझं अंग जळतं. मित्राच्या घरावर कुणी ट्रॅक्टर घालतं का? मित्र जिवंत आहे की मेला, हे न बघता कुणी त्याला उचलून फेकतं का? माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी झाल्या, त्याही एका दिवसाच्या अंतरानं. म्हणून आज मी बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. मला डोळे नाहीत आणि कानही नाहीत. पण माणूस बोलला की त्याचा आवाज पायातून मातीत उतरतो आणि माझ्या सबंध अंगाला कळतो. चार वर्षांत मला शब्दसुद्धा समजायला लागले. तेव्हा आमच्या डोक्यावर उभं राहून ‘गांडुळाला काय कळतंय’ असं म्हणत जाऊ नका. सगळं कळतं.

माझा जन्म बेटावरचा. घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीला शिरूर तालुक्यात बेट म्हणतात. दोन्हीकडं पाणी, मध्ये उसाचे फड, त्यामुळं पौषात इथं असा गारठा पडतो की माणसं उन्हं वर आल्याशिवाय घराबाहेर तोंड काढत नाहीत. या बेटावर सत्यजीत नावाच्या शेतकऱ्याची जमीन आहे. तिच्या बांधाकडेला बाभळींच्या सावलीत आठ गुंठ्यांचा एक लांबट पट्टा आहे. तिथं कुणी कधी नांगर घातला नव्हता. त्या पट्ट्यात वरच्या चार बोटं मातीत, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान अशा पिवळट अंड्यातून मी बाहेर आलो. माझे आईबाप कोण ते मला माहीत नाही. आमच्यात प्रत्येक जण आईही असतो आणि बापही असतो, त्यामुळं त्यावरून भांडणं होत नाहीत.

मोठा झालो आणि कामाला लागलो. काम म्हणजे माती खायची, पोटातून काढायची, वर आणून टाकायची आणि परत खाली जायचं. माझ्या बिळांतून पावसाचं पाणी खाली मुरायचं. बाजूच्या उसात पाणी तुंबायचं, तेव्हाही आमच्या पट्ट्यात पाय रुतत नसे. या कामाची हजेरी कुणी मांडली नाही आणि मांडावी असं मला वाटलंही नाही. सत्यजीतचे वडील हौसराव आबा होते, तेव्हा एकदा त्यांनी खुरप्यानं मातीचं ढेकूळ उचललं आणि हातावर फोडलं. त्यात मी होतो. ते म्हणाले, ‘‘हितली माती जित्ती हाय. हिला कुणी हात लावायचा न्हाई.’’ चार वर्षांत झालेलं माझं कौतुक एवढंच. पुढच्या वर्षी आबा गेले आणि त्यांचं ते बोलणंही घरातले विसरले. विसरली नाही ती फक्त ताईबाई.

ताईबाई त्या शेतावर तीस वर्षं कामाला आहे. आपल्या दोन शेळ्यांसाठी ती आमच्याच पट्ट्यातलं गवत कापते. विळा चालवते तो हलक्या हातानं, मुळं न उपटता. उन्हाळ्यात कधी खुरप्याला आमच्यातला एखादा गाठ होऊन पडलेला लागला, तर ती तो उचलून सावलीत ठेवते आणि वर माती लोटते. तिनं आमच्यावर कुठलं पुस्तक वाचलेलं नाही. तिला कुणी विचारायलाही जात नाही, आणि या घराची चूक तिथंच आहे.

आता ती गाठ म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण सगळी भानगड त्यावरूनच झाली. ऊन फार झालं किंवा गारठा फार झाला, की आम्ही खोल जातो. खोल जायला जागा नसली, तर आहे तिथं पोट रिकामं करतो, अंगाची गाठ मारतो आणि थांबतो. मग आम्ही हलत नाही, खात नाही. हात लावला तरी वळवळत नाही. बघणाऱ्याला वाटतं, खलास. पण आम्ही आत असतो. हे थांबणं शिकायला आमच्या किती पिढ्या गेल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. पळणं सगळ्यांना येतं, थांबणं येत नाही.

सत्यजीतनं पाच वर्षांपूर्वी गांडूळखताची शेड टाकली. सिमेंटच्या सहा टाक्या बांधल्या आणि त्यांत दौंडकडून आणलेलं परदेशी कल्चर सोडलं. माणसं म्हणतात जांभळट, चकचकीत, आणि माझ्या दुप्पट लांबीची गांडुळं. लोक त्यांना आफ्रिकन म्हणतात. खादाड इतकी, की शेणाची पाटी टाकली की चार दिवसांत फस्त. गावातली माणसं शेड बघायला यायची आणि सत्यजीत मूठभर आफ्रिकन उचलून दाखवायचा. बांधावरच्या आमच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, जळायचोच मी त्यांच्यावर.

खताबरोबर त्यांतली काही शेतात यायची आणि आमच्या पट्ट्यापर्यंत पोचायची. वरचा पाला तीच खाऊन टाकायची, आमची पिल्लं उपाशी राहायची. पण पौष आला की गारठ्यानं शेतातली ती संपायची, टाकीतली तेवढी शेणाच्या उबेत तगायची, आणि आम्ही परत वर यायचो. गारठा आमच्या बेटाचा राखणदार होता. मग मागचे दोन हिवाळे गारठा पडलाच नाही. माणसं म्हणाली, ‘‘औंदा थंडीच न्हाई, बरंय बाबा.’’ कसलं डोंबलाचं बरं! त्या दोन हिवाळ्यांत आमचा अर्धा पट्टा परक्यांनी भरून गेला.

यंदा मात्र गारठा आला, आणि त्याच्याबरोबर अनुपमा आली. अनुपमा ही सत्यजीतची पुतणी. शिरूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या सोनम मॅडमनी वर्गात लांबच्या दक्षिण समुद्रातल्या थंडगार बेटांची गोष्ट सांगितली होती. त्या बेटांवर मातीत टाचणीच्या टोकाएवढे किडे राहतात. माणसांच्या बुटांना आणि सामानाला चिकटून परके किडेही तिथं पोचले. पूर्वी थंडीत त्यांचा निभाव लागणं अवघड होतं. आता ऊब वाढत चालली, तसं त्यांचं फावतं आहे. हे ऐकून अनुपमानं विचारलं, ‘‘मॅडम, आमचंबी बेटच हाय. देशी आन् आफ्रिकन गांडूळ घेऊन मी असलं बघू का?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘जरूर बघ. पण गारठवून झालं की उबेत आणायचं आणि चोवीस तास थांबायचं. त्याआधी वहीत काही लिहायचं नाही.’’

हे सगळं तिनं आमचा पट्टा खणता खणता ताईबाईला सांगितलं, म्हणून मला कळलं. चोवीस तास. मित्रांनो, हा आकडा लक्षात ठेवा. तिनं ठेवला नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं आमच्यातले दहा जण काढले. त्यांत मी होतो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चार बोटं ओली माती घालून आम्हाला सोडलं आणि झाकणाला भोकं पाडली. तसल्याच दुसऱ्या डब्यात काकाच्या टाकीतली दहा आफ्रिकन घातली. मग दोन्ही डबे थर्मामीटरसकट घरातल्या फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवले.

अंग आकसायला लागलं. मी खाली जायला बघितलं तर चार बोटांवर प्लॅस्टिक. मग आम्ही दहाही जणांनी तेच केलं, जे आमचे वाडवडील करत आले. पोटं रिकामी केली, गाठी मारल्या आणि थांबलो. शेजारच्या डब्यात मात्र एकच धुमाकूळ चालला होता. आफ्रिकन भिंतींवर चढत होती, झाकणाला धडका देत होती, भोकांतून तोंडं बाहेर काढत होती.

दुपारी अनुपमानं फ्रीज उघडला. थर्मामीटर सात अंशांवर होता. तिनं आमच्या डब्यात बोट घालून मला उलटा केला, सुलटा केला. मी हललो नाही. दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं तर दोन आफ्रिकन थेट तिच्या मनगटावर आली. ती ‘अगं आई गं’ करून किंचाळली आणि तिची आई अनिता स्वयंपाकघरात धावत आली.

‘‘काय झालं? आन् ह्ये काय हाय डब्यात?’’

‘‘आई, प्रोजेक्ट हाय माझा...’’

‘‘गांडुळं? माझ्या फ्रीजमधी? दह्याशेजारी? अगं, उद्या भोगी! घाटं, पावटं, गाजरं, सगळी भाजी ठेवायचीय मला. देवाला ह्या फ्रीजमधला निवद दाखवू व्हय मी? काढ! आत्ताच्या आत्ता काढ!’’

‘‘आई, उद्यापर्यंत राहू दे की नुसतं, मला बघायचंय...’’

‘‘काय बघायचंय? ही मेल्याली दिसत्यात की! आन् ही नाचाया लागल्यात. झालं तुझं बघून.’’

आणि मित्रांनो, त्या मुलीला तेवढंच पुरलं. कट्ट्यावर वही ठेवून तिनं लिहिलं आणि लिहिता लिहिता स्वतःशीच वाचलं : ‘देशी, सात अंश, दहापैकी दहा मृत. आफ्रिकन, सात अंश, दहापैकी दहा जिवंत.’ मी तिच्यापासून वीतभर अंतरावर जिवंत पडलो होतो आणि माझ्याच कानावर, म्हणजे नसलेल्या कानावर, माझ्या मरणाची नोंद पडत होती. ओरडता येत असतं तर अख्खं बेट जागं केलं असतं मी. एवढी शिकलेली पोर! मॅडमनी सांगितलं होतं, थांब. सांगितलेलं समजलंही होतं. पण आईचा आवाज चढला आणि शास्त्र गेलं वाऱ्यावर.

दोन्ही डबे मागच्या ओट्यावर आले. ‘‘सकाळी ताईबाई टाकील उकिरड्यावर,’’ अनिता म्हणाली.

तेवढ्यात सत्यजीत आला. त्यानं विचारलं, ‘‘काय गं, काय निघालं तुझ्या प्रयोगात?’’ तिनं वही दाखवली. त्यानं मोठ्यानं वाचून मांडीवर थाप मारली. ‘‘बघा वैनी! मी म्हणत नव्हतो? आपली देशी म्हंजी नुसती नावाला. त्यो बांधाकडचा पट्टा मोकळा करतो आन् तिथं आफ्रिकन सोडतो. थंडीतबी टिकत्यात, आता पोरीनं लिहूनच दिलंय.’’

‘‘कवा करताय भाऊजी?’’

‘‘उद्याच. परवा संक्रांत, तेरवा कर. करीला काय नवं काम धरायचं नसतंय. रोटाव्हेटर उद्या सकाळीच बोलावतो.’’

अनुपमा म्हणाली, ‘‘पण काका, तिथं अजून देशी असतील की जिवंत. रोटाव्हेटर घातला तर तुकडं व्हतील.’’

तो हसला. ‘‘व्हऊ देत की! गांडुळाचं तुकडं झालं तर एकाची दोन व्हत्यात. फायदाच हाय.’’

हे तुम्हाला कुणी शिकवलं? एकाची दोन होतात म्हणे! फार तर पुढचा तुकडा कसाबसा जगतो. तेही नशीब असेल तर. शेपटाकडचा तडफडतो आणि मरतो. मधोमध कापलं तर दोन्ही संपतात. तुम्ही शाळेच्या मैदानात पट्टीनं आमचे तुकडे करता आणि आता दोन झाली म्हणून टाळ्या वाजवता. तुमच्या बोटाचं एकदा करून बघा म्हणावं, दोन माणसं होतात का ते.

पण मला माझी काळजी नव्हती. मोठी गांडुळं गारठ्यात खोल गेलेली असतात, ट्रॅक्टरमागं गरगर फिरून माती भुगा करणारी रोटाव्हेटरची पाती तिथवर पोचत नाहीत. वरच्या चार बोटांत असतात पिल्लं आणि अंडी. त्या पट्ट्यात माझी तीस-पस्तीस अंडी होती. पाती फिरणार होती ती त्यांच्यावरून, आणि मी ओट्यावर श्रीखंडाच्या डब्यात गाठ मारून पडलो होतो.

त्या पहाटे बेटावरचा पारा सहा अंशांवर गेला, शेड टाकल्यापासून पहिल्यांदाच एवढा खाली.

भोगीच्या सकाळी ओट्यावर कोवळं ऊन आलं आणि ताईबाई आली. डबा उकिरड्याकडं न्यायला तिनं उचलला आणि सवयीनं आत बघितलं. ऊन माझ्या पाठीवर पडलं होतं. मी गाठ सोडवायला लागलो होतो. अगदी सावकाश, पण सोडवत होतो.

‘‘अगं अनु!’’ तिनं हाक मारली. ‘‘ही मेलीत म्हनून कुनी सांगितलं तुला?’’

अनुपमा दात घासताघासता बाहेर आली. ‘‘मेलीत की मावशी. काल हात लावून बघितलं मी.’’

‘‘काल बघितलंस, आज बघ. उन्हाळ्यात मला घावत्यात की अशी, गाठ मारल्याली. मरत न्हाईत ती, थांबत्यात. मला इचारायचं हुतंस एका शब्दानं.’’

अनुपमानं डबा घेतला. आम्ही दहाच्या दहा हलत होतो. मग तिनं दुसरा डबा उघडला. काल नाचणारी दहाही आफ्रिकन तळाशी सैल पडली होती, बोट लावलं की फुटत होती. तिच्या हातातला ब्रश खाली पडला.

आणि त्याच वेळी बांधाकडून रोटाव्हेटरचा आवाज आला.

ती अनवाणीच पळाली. तिच्यामागून ताईबाई, आणि ताईबाईच्या हातात आमचा डबा. प्रत्येक पावलाला मी डब्याच्या भिंतीवर आपटत होतो आणि मनात शिव्या देत होतो. पोरीला, काकाला, फ्रीजला, श्रीखंडाला, सगळ्यांना. जवळ गेलो तशी जमिनीची थरथर ताईबाईच्या अंगातून डब्यात यायला लागली. माझीच माती ती, ओळखीची. पण असं थरथरताना मी तिला कधी अनुभवलं नव्हतं.

‘‘थांबा! नवनाथदादा, थांबवा ट्रॅक्टर!’’ अनुपमा ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभी राहिली.

नवनाथनं करकचून ब्रेक मारला. ‘‘ए बाई, बाजूला व्हय! मरायचंय का?’’

सत्यजीत धावत आला. ‘‘काय याड लागलं का काय तुला?’’

‘‘काका, मी चुकीचं लिहिलंय.’’ तिला रडू फुटलं होतं. ‘‘देशी मेली नव्हती. ही बघा, जिवंत हायेत. मेली ती तुमची आफ्रिकन.’’

‘‘काल वही दाखवलीस ती काय खोटी व्हती?’’

‘‘व्हय, खोटी व्हती. मला चोवीस तास थांबायला सांगितलं व्हतं. मी थांबले नाही.’’

सत्यजीतनं ताईबाईच्या हातातल्या डब्यात बघितलं. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा तो शेडकडं पळाला. अनुपमा आणि ताईबाईही गेल्या, डब्यासकट आम्हीही गेलो. त्यानं पहिल्या टाकीवरचं गोणपाट उचललं आणि खताखाली हात घातला. दुसऱ्या टाकीत घातला, तिसऱ्या. सहाच्या सहा टाक्यांत तशीच सैल पडलेली, मेलेली आफ्रिकन निघाली.

मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मी खूश होईन. खरं सांगतो, झालो नाही. त्या टाक्यांना खाली सिमेंट होतं. परक्या गांडुळांनी खाली जायला बघितलं असेल, आणि खाली जमीनच नव्हती. त्यांना बेटावर यायचंय का, हे त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. मी जन्मभर त्यांच्यावर जळलो. राग धरायचा तो ज्यानं आणून सिमेंटवर सोडलं त्याच्यावर धरायचा होता.

‘‘आता काय करू मी?’’ सत्यजीत म्हणाला.

ताईबाई म्हणाली, ‘‘भाऊ, आदी ह्यांना घरी सोडू. मंग बघू.’’

पट्टा आठ गुंठ्यांचा होता. चार गुंठे रोटाव्हेटरखाली गेले होते. तिथली माती भुसभुशीत, एकसारखी, दिसायला सुरेख. नवनाथ म्हणालाही, ‘‘बारीक झालीय बघा माती, पीठच.’’ त्या पिठात काय दळलं गेलं ते मला माहीत होतं. ताईबाईनं उरलेल्या चार गुंठ्यांत बाभळीखाली खुरप्यानं खळगा केला आणि आम्हाला एकेक करून सोडलं. मी खाली गेलो. दोन दिवसांनी ऊब आली तेव्हा वर येऊन मोजलं. माझी अकरा अंडी शिल्लक होती.

प्रोजेक्टची वही अनुपमानं नंतर याच बांधावर बसून परत लिहिली. ताईबाई गवत कापत होती आणि अनुपमा तिला वाचून दाखवत होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘या प्रयोगात मी चोवीस तास थांबले नाही. माझ्या चुकीच्या नोंदीमुळे चार गुंठे जमिनीतील देशी गांडुळांची पिल्ले व अंडी नष्ट झाली. देशी गांडुळे थांबतात, हे मला ताईबाईंनी दाखवले.’ ताईबाई म्हणाली, ‘‘माझं नाव कशाला लिवलंस?’’ अनुपमा म्हणाली, ‘‘तुम्ही बघितलंत म्हणून.’’ सत्यजीतनं टाक्या अजून भरलेल्या नाहीत. पट्ट्याच्या कडेनं त्यानं चार खुंट्या ठोकल्या आणि तार ओढली.

मी त्या मुलीला माफ केलेलं नाही. कुणी सांगितलं तरी करणार नाही. पण चूक पहिल्या पानावर लिहायला धीर लागतो, एवढं मी मानतो.

मित्रांनो, मला तुमचा मित्र वगैरे म्हणू नका. एकच करा. मातीत, झाडाखाली, दगडाच्या पोटात काहीतरी न हलणारं दिसलं, तर त्याच्यापुढं ‘मृत’ असं लिहायची घाई करू नका. एक दिवस थांबा, एक ऊन पडू द्या. तुम्हाला थांबणं जमत नसेल, तर निदान ज्याला ते येतं त्याला ठोकरू नका. आणि या पट्ट्यावरून जाल तेव्हा पाय हलके टाका. वरच्या चार बोटांत माझी अकरा अंडी आहेत. तीही हलत नाहीत.